सात किलोंचा कॅमेरा

सदर इसमाचे वर्णन खालीलप्रमाणे आहे. वय: एकावन्न. हुद्दा: चलतचित्रक, वर्ग तीन, दृक्‌श्राव्य विभाग, कर्मचारी प्रशिक्षण संस्था. उंची: पाच फूट पाच इंच, ट्रायपॉडमागे उभे असताना पाच फूट दोन. बांधा: मध्यम. पोशाख: पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. ओळखीची खूण: उजव्या खांद्यावर ट्रायपॉडचा घट्टा. व्यसन: नाही. सवय: श्वास रोखून धरणे. गोपनीय अहवालातील शेरा: सलग एकोणीस वर्षे 'समाधानकारक'. कार्यालयातील प्रचलित नाव: गचके. हे आडनाव नव्हे.

हे नाव कोणी ठेवलं याची नोंद संस्थेत नाही, पण का ठेवलं याचे पुरावे एक कपाटभर आहेत. संस्थेत होणारं प्रत्येक व्याख्यान गचके चित्रित करतात. व्याख्याता टेबलाजवळून फळ्याकडे निघाला की कॅमेऱ्यानेही निघायला हवं. अडचण अशी की ट्रायपॉडच्या ज्या भागावर कॅमेरा बसतो आणि फिरतो, म्हणजे ट्रायपॉडचं डोकं, त्यातलं ग्रीस कधीच वाळून गेलं होतं. दांडा ढकलला तर आधी काहीच व्हायचं नाही. आणखी ढकलला तरी नाही. मग एकदम, पावसाळ्यात फुगलेलं दार उघडावं तसं ते गचकन सुटायचं आणि व्याख्यात्याला ओलांडून खिडकीपर्यंत जायचं. त्यामुळे संस्थेच्या संग्रहात 'कार्यालयीन पत्रव्यवहाराची तत्त्वे' या विषयावर जेवढं व्याख्यान आहे, जवळपास तेवढीच खिडकी आहे.

गचका बसू नये म्हणून गचके श्वास रोखत. गचका बसायचाच, श्वास तेवढा फुकट जायचा.

हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांची मुलगी पळायला लागली.

मुलगी चारशे मीटर पळते, म्हणजे मैदानाची बरोबर एक फेरी. दुसऱ्या शहरात एक निवासी प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे अठराव्या वर्षापर्यंतच घेतात आणि तिला अठरा पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. तिथल्या प्रशिक्षकांना प्रत्येकीला प्रत्यक्ष पाहणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी व्हिडिओ मागवला होता. अट अशी: पूर्ण फेरी, एकाच सलग चित्रणात, डोक्यापासून पावलांपर्यंत. पावलं दिसलीच पाहिजेत. म्हणजे मैदानाच्या मधोमध उभं राहून, पळणाऱ्या मुलीबरोबर कॅमेरा पूर्ण गोल फिरवायचा.

गचक्यांनी संस्थेकडून रीतसर गेटपास काढून कॅमेरा आणि ट्रायपॉड नेला, श्वास रोखला आणि चित्रण केलं. दुसऱ्या वळणावर डोकं अडलं, मग सुटलं. मुलगी एका बाजूला गेली, कॅमेरा दुसऱ्या. पुढचे सहा सेकंद मैदानाच्या कोपऱ्यातलं एक झाड अत्यंत स्पष्ट आलं.

प्रशिक्षकांचं उत्तर दोन ओळींचं होतं. "झाडाची ठेवण उत्तम आहे. आता मुलीचा व्हिडिओ पाठवा."

मुलीने ते मोठ्याने वाचलं, फोन खाली ठेवला आणि विचारलं, "बाबा, मी पळते तेव्हा तुम्ही नेमकं कुठे बघता?"

गचके खरं म्हणजे डोक्याकडे बघत. ट्रायपॉडच्या.

"पुढच्या रविवारी परत चाचणी आहे," मुलगी म्हणाली. "सोमवारी यादी बंद होणार. तुम्हाला नाही जमलं तर आमचे सर मोबाईलवर काढतील."

"मोबाईलवर तू मुंगीएवढी दिसशील."

"मुंगी तर मुंगी. झाड तरी नाही."

गचक्यांनी दुसऱ्याच दिवशी संस्थेत 'ट्रायपॉडचे डोके बदलणेबाबत' अशी टिपणी सादर केली. खरेदी समितीत उपसंचालक आणि भांडारपाल होते.

"आधीचं डोकं कुठे आहे?" उपसंचालकांनी विचारलं.

"ट्रायपॉडवरच आहे, साहेब."

"मग नवं कशाला?"

"ते फिरत नाही."

"फिरत नसेल तर आधी निर्लेखित करा, नोंदीतून काढा."

भांडारपालांनी नोंदवहीत बोट घातलं. "साहेब, डोकं वेगळं दाखवलेलं नाही. 'ट्रायपॉड, एक नग' अशी नोंद आहे. यांचे पाय चांगले आहेत."

"कोणाचे?"

"ट्रायपॉडचे. आणि अर्धा नग निर्लेखित करता येत नाही."

उपसंचालकांनी थोडा विचार केला आणि टिपणीवर शेरा मारला: 'पाय नादुरुस्त झाल्यावर पुनश्च सादर करावे.'

तेव्हा गचक्यांनी स्वतःच डोकं घ्यायचं ठरवलं. साधं नाही, फ्लुइड हेड. झाडाचं प्रकरण झाल्यापासून त्यांनी या विषयाची एक शंभर पानी वही भरत आणली होती, आणि जेवताना ते त्यातली पानं घरात वाढत असत.

"आत दाट तेल असतं," ते म्हणाले. "आपण दांडा कसाही ढकलला तरी ते तेल कॅमेऱ्याला सावकाशच सोडतं. हात घाबरला तरी कॅमेऱ्याला ते कळत नाही."

त्यांची बायको घरीच शिवणकाम करते. निम्म्या गल्लीचे ब्लाऊज आणि पडदे तिच्या मशीनखालून जातात. ती म्हणाली, "एक माझ्यासाठीही बघा. बाह्या तोकड्या झाल्या म्हणून बायका भांडायला येतात तेव्हा लागेल."

गुरुवारी संध्याकाळी तिघं दुकानात गेले: गचके, बायको, आणि बायकोचा धाकटा भाऊ. हा मेहुणा क्रेन चालवतो. एक टनाच्या आतल्या वस्तूला तो वस्तू मानत नाही. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण घरात काही विकत घ्यायचं असलं की तो असतोच.

दुकानदार शांत माणूस होता. त्याच्या मानेतही तेच तेल भरलेलं असावं. त्याने काचेवर पाच डोकी ओळीने मांडली आणि म्हणाला, "फिरवून बघा. घाई नाही."

घाई गचक्यांनाही नव्हती. त्यांनी एकेक डोकं डोळे मिटून फिरवलं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मग कान लावला.

"भावोजी, कलिंगड निवडताय का?" मेहुणा म्हणाला. "एकदा वाजवून बघा, आतून लाल निघेल."

"तू गप रे," बायको म्हणाली.

"मी काय म्हणतो ताई, दणकट घ्यावं. हे शेवटचं बघ, कसं बसलंय. बाकीची सगळी लिंबू पिळायला बरी."

तेवढ्यात दुकानदाराने तो प्रश्न विचारला, जो वहीच्या पहिल्याच पानावर दोनदा अधोरेखित केलेला होता. "कॅमेरा किती वजनाचा आहे आपला?"

याचं खरं उत्तर दीड किलो असं होतं. बॅटरीसकट.

पण गचक्यांच्या शेजारी एक आडवातिडवा गृहस्थ उभा होता. त्याच्या पायाशी लहानशा ट्रंकेएवढी कॅमेऱ्याची बॅग होती आणि तो यांच्याकडे बघत होता. गचक्यांना आपला पहिला कॅमेरा आठवला. ते संस्थेत लागले तेव्हा तो खांद्यावर घ्यायचा कॅमेरा होता, सात किलोंचा. तो घेऊन ते व्हरांड्यातून निघाले की माणसं भिंतीला चिकटून वाट द्यायची. एकदा तर खुद्द संचालकांनी दिली होती. अकरा वर्षांपूर्वी तो कॅमेरा निर्लेखित झाला आणि नवा आला तो डब्याच्या पिशवीत मावणारा. त्यानंतर त्यांना कोणी वाट दिली नाही. काहींनी डबा समजून 'आज भाजी काय?' असं मात्र विचारलं.

"सात," गचके म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

"सात?" दुकानदाराने चार डोकी उचलून ठेवून दिली. "मग हे शेवटचंच. यात स्प्रिंग आहे. कॅमेरा पुढे वाकला की ती त्याला तोलून धरते. जिथे वाकवाल तिथे तो थांबतो. पण ती सहा ते नऊ किलोंसाठीच आहे, कमी-जास्त करता येत नाही. हलक्या कॅमेऱ्याला चालणार नाही हं."

"हलक्याचा प्रश्नच नाही."

"मी म्हटलं ना दणकट घ्या!" मेहुणा म्हणाला.

रस्त्यावर आल्यावर बायको म्हणाली, "माप देताना गिऱ्हाईक पोट आत घेतं, ते मी रोज बघते. बाहेर काढणारं आज पहिल्यांदा पाहिलं."

"अगं, थोडं जास्तीचं असलेलं बरं असतं."

"ब्लाऊजमध्ये नसतं," ती म्हणाली.

घरी आल्यावर गचक्यांनी पुन्हा गेटपासवर आणलेल्या संस्थेच्या पायांवर नवं डोकं बसवलं, डोक्यावर कॅमेरा. दांडा हळूच ढकलला. कॅमेरा कपाटावरून निघाला, खिडकीवरून गेला आणि शिलाई मशीनपाशी बसलेल्या बायकोवर येऊन थांबला. मधे कुठे गचका नाही, थरथर नाही. गचक्यांनी पुन्हा एकदा केलं. मग पुन्हा. बायको म्हणाली की तिला आता नजर लागेल.

"आता माझे पाय घ्या," मुलगी म्हणाली.

गचक्यांनी कॅमेरा खाली वाकवला, तिच्या बुटांवर आणला आणि हात काढला. कॅमेरा क्षणभर थांबला. मग सावकाश, अदबीने, त्याने मान वर केली आणि तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागला.

त्यांनी परत वाकवला. तो परत वर आला.

"स्वाभिमानी आहे," मेहुणा म्हणाला.

"म्हणजे काय झालं, बाबा?" मुलीने विचारलं.

काय झालं ते गचक्यांना चांगलं ठाऊक होतं. वहीच्या पंधराव्या पानावर आकृतीसह होतं. सात किलो पेलायला बसवलेल्या स्प्रिंगवर दीड किलो ठेवलं होतं. ती उसळणार नाही तर काय करील? वर-खाली फिरणं आवळून टाकावं, तर सरळ पट्टीवर मुलगी जवळून जाणार आणि वळणावर लांबून. आवळलेल्या कॅमेऱ्यात जवळून जाणाऱ्या मुलीची पावलं कापली जाणार. आणि प्रशिक्षकांना हवी होती ती पावलंच.

"परत देऊ या," मुलगी म्हणाली. "उद्या दुकान उघडं आहे ना?"

"तो विचारेल, का परत देताय."

"मग सांगा की कॅमेरा हलका आहे."

गचके घड्याळाकडे बघू लागले. कॅमेराही तिकडेच बघत होता.

"मी जाते," बायको म्हणाली.

"तू गेलीस तरी त्याला कळणारच ना."

"बाबा!" मुलीचा आवाज चढला. "तिथे माझी एक जागा आहे. एक! आणि तुम्हाला दुकानदाराची लाज वाटते?"

मेहुणा उठून चपला शोधू लागला, यावरून प्रसंगाची कल्पना यावी.

मग बायको उठली. आतल्या टेबलावरून तिने आपली इस्त्री आणली आणि गचक्यांपुढे ठेवली. जुन्या पद्धतीची, शिंप्याकडे असते तशी जड इस्त्री. जमिनीवर ठेवताना तिचा आवाज झाला.

"पाच किलो सातशे," ती म्हणाली. "घेताना मी तोलून घेतली होती. कारण मी विचारते आणि तोलते. त्यात तुमचा दीड मिळवा."

"सात किलो दोनशे," मुलगी म्हणाली.

"झालं तर. आता खोटं बोललाच आहात, निदान ते खरं करून दाखवा."

शुक्रवार त्यात गेला. वीतभर रुंद फळी घेऊन ती डोक्यावर स्क्रूने बसवली. फळीवर पुढे कॅमेरा आणि मागे इस्त्री, आणि दोघांवरून पेटीकोटच्या इलॅस्टिकचे चार वेढे. इस्त्रीची वायर गुंडाळून तिच्याच मुठीला बांधली. गचक्यांनी कॅमेरा मुलीच्या बुटांवर वाकवला, हात काढला आणि सवयीने श्वास रोखला. कॅमेरा तिथेच थांबला. खूप वेळ थांबला.

"सोडा आता श्वास," बायको म्हणाली.

शनिवारी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत तालीम झाली. मधोमध ट्रायपॉड, आणि मुलीच्या जागी मेहुणा, सायकलवर. पहिल्याच फेरीत नवी गोष्ट लक्षात आली. एकोणीस वर्षांत कोणीही व्याख्याता गचक्यांच्या भोवती गोल फिरला नव्हता, आणि मैदानावरचा पहिला प्रयत्न अर्ध्यावरच झाडात अडकला होता. पूर्ण गोल फिरायचं तर कॅमेऱ्याबरोबर स्वतःलाही ट्रायपॉडभोवती चालावं लागतं आणि वाटेत ट्रायपॉडचे तीन पाय येतात. पहिला त्यांनी ओलांडला, दुसऱ्याला लाथ मारली, तिसऱ्यापर्यंत पोचलेच नाहीत.

"भावोजी," आठव्या फेरीला मेहुणा धापा टाकत म्हणाला, "आमच्याकडे मी बसतो आणि क्रेन फिरते. तुमच्या धंद्यात हे उलटं कसं?"

वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, "काही हरवलंय का?"

"अजून नाही," बायको म्हणाली.

ती घरात गेली आणि कॉलरला घालतात ते पांढरं बक्रम घेऊन आली. कात्रीने तिने नवऱ्याच्या पायाच्या मापाचे अकरा तळवे कापले, त्यांवर आकडे घातले आणि ट्रायपॉडभोवती, पायांना चुकवून, गोल मांडले. एक, दोन, तीन. डावा, उजवा, डावा. "खाली बघायचं नाही," ती म्हणाली. "पायाला बक्रम कळतं. तुम्ही पोरीकडे बघा."

चौदाव्या फेरीला गचके न अडखळता गोल फिरले. मेहुणा सायकलवरून उतरला आणि तिथेच बसला.

रविवारी सकाळी मैदानात ते पोचले तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्या उभारणीला लांबूनच एक प्रदक्षिणा घातली.

"हे काय आहे?"

"फ्लुइड हेड," गचके म्हणाले.

"आणि ही इस्त्री?"

"तेही त्यातच येतं."

"बरं," क्रीडाशिक्षक म्हणाले. शिक्षकी पेशात माणूस पुढचा प्रश्न कुठे विचारू नये हे शिकतो.

गवतात टाचण्यांनी तळवे टोचून बसवत असताना दुसऱ्या एका मुलीचे वडील आले. "माझा शर्ट काढून देऊ का? तेवढ्यात होईल?" त्यांनी विचारलं. मुलगी तिकडे बुटांची नाडी बांधत होती. ती दहा मिनिटं बांधत होती; हे आपले कोणी नाहीत असं ज्याला दाखवायचं असतं त्याला नाडी फार उपयोगी पडते. पण जागेवर जाण्यापूर्वी ती ट्रायपॉडपाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, पावलं."

"पावलं," गचके म्हणाले.

बार झाला. आठ मुली सुटल्या आणि गचके पहिल्या तळव्यावरून निघाले.

पहिलं वळण गेलं. कॅमेरा तिच्याबरोबर जात होता, ना पुढे ना मागे. सरळ पट्टी आली. मुलगी मोठी झाली तसा कॅमेरा वाकला आणि वाकून राहिला. इस्त्री मागे निमूट बसून होती. दुसऱ्या वळणावर ते झाड आलं. ते मुलीच्या पाठीमागून चौकटीत शिरलं, आणि सभ्यपणे बाहेर गेलं. नवव्या तळव्याची टाचणी निघाली आणि तो गचक्यांच्या बुटाला चिकटून पुढे दहाव्यावर गेला. त्यांना ते कळलं नाही. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

ते मुलीकडे बघत होते. तिचा डावा खांदा वळणावर खाली जातो हे त्यांना प्रथमच दिसलं. सुईत दोरा ओवताना तिची आई ओठ एका बाजूला दाबते, तसाच ती शेवटच्या शंभर मीटरांत दाबते, हेही. दोन वर्षं ते तिचं पळणं चित्रित करत होते आणि तिला पळताना त्यांनी आज पाहिलं.

ती थांबली तेव्हा ते अकराव्यावर होते. त्यांनी कॅमेरा बंद केला. आपण मघापासून श्वास घेत होतो, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

मेहुणा धावत आला. "कितवी आली?"

"फ्रेममध्ये आली," गचके म्हणाले.

"अहो, पण कितवी?"

ती तिसरी आली होती. हे त्यांना बायकोने सांगितलं.

मुलीने घरी येऊन व्हिडिओ दोनदा पाहिला, पाठवला आणि आंघोळीला गेली. सोमवार कोणाचाच जाता जाईना. बायकोने एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. उत्तर संध्याकाळी आलं आणि मुलीने ते उभ्यानेच वाचलं.

"तिसरी आली ते दिसलं. दुसऱ्या वळणावर डावा खांदा पडतो आणि पाऊल आखूड होतं, तेही दिसलं. दोन्ही दुरुस्त होण्यासारखं आहे. एक तारखेला सामान घेऊन पाठवावं. ता. क. झाडही ओळखलं."

मुलीने फोन आईकडे दिला आणि बाबांकडे बघून म्हणाली, "तुम्ही खांदा पाहिला होतात?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"उत्तर आल्यावर सांगणार होतो."

एक तारखेला मुलगी गेली. तिची बॅग मेहुण्याने उचलली आणि हिचं वजनच नाही म्हणाला.

डोकं आता संस्थेतल्या ट्रायपॉडवरच असतं. भांडारपालांनी नोंदवहीत शेरा घातला आहे: 'पाय संस्थेचे, डोके स्वतःचे.' संस्थेत असं दुसरं कोणी नाही. व्याख्यानं आता पूर्ण दिसतात. खिडकी दिसत नाही अशी दोन प्रशिक्षणार्थींची तक्रार आली, ती दप्तरी दाखल आहे. गचके व्हरांड्यातून कॅमेरा घेऊन निघाले की माणसं भिंतीला चिकटून वाट देतात, कारण इस्त्रीचं टोक बरोबर पोटाच्या उंचीवर येतं. दुकानदाराकडे ते अजून गेलेले नाहीत. नाव गचके हेच राहिलं. अहवालात विसाव्यांदा 'समाधानकारक' आलं.

बायकोने कामासाठी नवी इस्त्री घेतली आहे. ती फक्त गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लावायची असा तिचा नियम आहे. घरच्यांसाठी जुनी होती, आणि ती कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा सदर इसमाच्या वर्णनात एवढीच दुरुस्ती करावी लागेल. शर्ट चुरगळलेला असतो.